मेंढरांची लूत व तिची पारख



खडकी म्हटली कीं कोणाच्याहि मनांत प्रथम लष्कर उभें राहतें. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई, दारूगोळ्याचा कारखाना, सॅपर्सची छावणी, या गोष्टी आपण इतिहासाच्या तासाला पुष्कळ वेळां ऐकल्या आहेत. परंतु या लष्करी वस्तीच्या कडेकडेनें आणखी एक फौज निमूटपणें जात असते. तिकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. दिवाळी सरली व माणदेशाकडील आणि फलटण-बारामतीकडील चारा आटूं लागला, म्हणजे तिकडील धनगर आपलीं मेंढरें, घोडीं, कुत्रीं व सारें बिऱ्हाड घेऊन पश्चिमेकडे निघतात. वाटेंत शेतकरी त्यांचीं मेंढरें आपल्या शेतांत बसवून घेतात, कारण लेंडीखतासारखें दुसरें खत नाहीं. आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात. पावसाळा आला कीं हा तांडा पुन्हां आपल्या मुलखास परततो. या जीवनाचा सारा भार मेंढीच्या अंगावर असतो. ती निरोगी तर घर सुखी. तिला रोग जडला तर घर उघड्यावर.

आज आम्ही अशाच एका रोगाविषयीं लिहिणार आहों. त्याचें नांव लूत अथवा खरूज. हा विषय आम्हीं निवडला याला एक कारण आहे, आणि तें कारण आमच्या दृष्टीनें फारसें भूषणावह नाहीं. तथापि शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडत असेल तर ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. म्हणून प्रथम तीच सांगतों.

गेल्या हिवाळ्यांत एक वाडा नदीपलीकडच्या एका शेतांत उतरला होता. नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी त्या वाटेनें शाळेस येतो. त्यानें एके दिवशीं आगपेटींत लोकरीचा एक पुंजका घालून आणिला व विचारलें, “गुरुजी, वाड्यावरच्या दोन मेंढ्या सारख्या अंग घासतात. आपल्या यंत्रांतून लुतीचा किडा दिसेल काय?” मुलाची ही जिज्ञासा पाहून आम्हांस आनंद झाला, आणि शाळा सुटल्यावर आम्ही दोघे वाड्यावर गेलों.

वाड्याचे मालक वयोवृद्ध धनगर होते. त्यांनीं त्या दोन मेंढ्या कळपापासून दूर एका बाभळीला बांधून ठेविल्या होत्या. ते म्हणाले, “मास्तर, लूतच हाय ही. हितं पाठीवर जरा चोळून बघा, मेंढी कशी तोंड हालवती ती.” त्यांनीं लोकर विसकटलेल्या जागीं बोटें चोळलीं, तोंच मेंढीनें मान वळविली व कांहीं चावीत असल्याप्रमाणें ओठ हालवूं लागली. आम्हीं तें पाहिलें. परंतु आमच्या पुस्तकांत तें नव्हतें, म्हणून त्याला महत्त्व दिलें नाहीं. पाठीवर एक तळहाताएवढी जागा उघडी पडून वाळून गेली होती. तिच्या मधोमध आम्हीं चाकूच्या पात्यानें थोडें खरवडलें, तो भुगा कागदांत बांधून आणिला, आणि दुसऱ्या दिवशीं विज्ञानाच्या खोलींत अर्धा तास सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. कांहींहि दिसलें नाहीं. सायंकाळीं जाऊन आम्हीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, “बाबा, किडा नाहीं. ही लूत नव्हे.”

धनगरबाबा क्षणभर थांबले. “मास्तर म्हणत्यात तर नसंल,” असें म्हणून त्यांनीं त्या दोन्ही मेंढ्या सोडल्या व कळपांत मिळविल्या.

पांच आठवड्यांनीं तोच विद्यार्थी पुन्हां आला. वाडा अद्यापि जवळपासच्याच शेतांतून फिरत होता, आणि आणखी अकरा मेंढ्या अंग घासूं लागल्या होत्या. त्यांतील कांहींना रोग पूर्वींच लागलेला असेल. पण कांहींना तो आमच्या शब्दानें लागला, हें आम्हांस नाकारतां येत नाहीं.

आमचें कोठें चुकलें? हें समजण्यासाठीं आधीं रोगाचें मूळ पाहूं.

लूत हा रोग हवेनें, उन्हानें किंवा रक्त बिघडल्यानें होत नाहीं. तो एका अतिसूक्ष्म जीवामुळें होतो. या जीवास आपण सोयीसाठीं किडा म्हणतों, पण शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात. याला आठ असतात. कोळी, विंचू व गोचीड यांच्या कुळांतला तो आहे. मात्र अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलास सहाच पाय असतात, पुढें कात टाकल्यावर आठ होतात. तेव्हां सूक्ष्मदर्शकाखालीं सहा पायांचें पिलूं दिसलें म्हणून गोंधळून जाऊं नये.

हे किडे अनेक जातींचे आहेत. पण मेंढपाळाला मुख्यत्वेंकरून तिघांशीं गांठ पडते.

पहिला सार्कोप्टीस. हा खरा खणणारा. त्याची मादी लांबीनें अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरते. ती कातडीच्या वरच्या थरांत बोगदा खणते आणि त्यांतच अंडीं घालीत पुढें सरकते. अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास सुमारें दोन ते तीन आठवडे लागतात. शरीर वाटोळें, पाय आंखूड. मागचे पाय तर शरीराच्या कडेबाहेर जवळजवळ येतच नाहींत. जेथें केस विरळ तेथें याची वस्ती: मेंढीचें तोंड, कान व नाकपुड्यांभोंवतालची जागा. शेळ्यांनाहि तो याच ठिकाणीं धरतो. कातडी जाड होते, सुरकुतते व तिला भेगा पडतात.

दुसरा सोरॉप्टीस. हा खणीत नाहीं. कातडीच्या पृष्ठभागावरच राहतो, तिला दुखवितो व पाझरणाऱ्या लशीवर जगतो. आकारानें तो सर्वांत मोठा, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. चांगली दृष्टि असेल तर काळ्या कागदावर हलणारा पांढरा ठिपका म्हणून साध्या डोळ्यांनींहि दिसतो. याचें जीवनचक्र दहा-बारा दिवसांत पुरें होतें, म्हणूनच तो झपाट्यानें वाढतो. याला दाट लोकर आवडते. त्यामुळें पाठ, खांदे व कुशी हीं त्याचीं ठिकाणें. लोकरीच्या धंद्याचा सर्वांत मोठा वैरी हाच.

तिसरा कोरिऑप्टीस. हाहि वरच राहणारा, पण स्वभावानें सौम्य. पाय, खुरांच्या वरची जागा, शेपटीचें मूळ, एडक्याचे वृषण, येथें तो आढळतो व कातडीचा कोंडा खाऊन राहतो.

यांखेरीज डेमोडेक्स म्हणून एक चौथा आहे. तो चिरुटाच्या आकाराचा असून केसांच्या मुळांत राहतो व बारीक गांठी उत्पन्न करतो. परंतु कळपांत वणव्यासारखी पसरणारी लूत त्याची नव्हे.

पहिल्या तिघांस ओळखण्याची एक सुंदर खूण निसर्गानें त्यांच्या पायांच्या टोंकांवर ठेविली आहे. या टोंकांना दांडीवर बसविलेल्या लहान वाट्या असतात. त्यांच्या योगानें किडा पृष्ठभागास चिकटतो. सोरॉप्टीसची दांडी लांब व सांध्यांची, आणि वाटी कर्ण्यासारखी. सार्कोप्टीसची दांडी लांब, पण बिनसांध्याची. कोरिऑप्टीसची दांडी अगदीं आंखूड आणि वाटी घंटेसारखी. एवढें लक्षांत ठेवलें तर शाळेच्या साध्या यंत्राखालीं नववी-दहावीचा विद्यार्थीहि जात सांगूं शकेल. आणि जात सांगणें हा केवळ बुद्धीचा खेळ नव्हे. औषध कोणतें व तें कसें द्यावयाचें, हें पुष्कळ अंशीं त्यावरच ठरतें.

आतां पारख कशी करावी तें पाहूं.

कळपाजवळ गेल्यावर लगेच मेंढी धरूं नये. दहा मिनिटें दूर उभें राहून पाहावें. कोण अंग घासतें, कोण मागच्या पायानें खाजवितें, कोण दांतांनीं आपलीच लोकर ओढतें, कोणाच्या अंगावर लोकरीचे पुंजके लोंबत आहेत, झुडपांना व कुंपणांना लोकर अडकली आहे काय, हें टिपून घ्यावें. मग मालकास विचारावें: खाज केव्हांपासून आहे? नवीन जनावर बाजारांतून आणलें काय? दुसऱ्या वाड्याचीं मेंढरें एकत्र चरलीं काय? कातरणाऱ्यांनीं आधीं कोणाच्या मेंढ्या कातरल्या? हिंवाळ्यांत खाज वाढते काय? सोरॉप्टीस थंडींत, लोकर दाट असतां, जोर करतो व उन्हाळ्यांत कानाच्या पोकळींत व जांघेंत दडून बसतो. तेव्हां उन्हाळ्यांत खाज थांबली म्हणजे रोग गेला, असें समजणारा मालक पुढच्या हिंवाळ्यांत फसतो.

यानंतर मेंढी धरून लोकर दुभंगून पाहावी. रोगट जागा चोळली असतां मेंढी ओठ हालवूं लागली, तर ती मोलाची खूण समजावी. पशुवैद्यकाच्या ग्रंथांत ती नोंदलेली आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. धनगरबाबांस तें कोणत्याहि ग्रंथावांचून माहीत होतें. तथापि ही खूण एकटी पुरेशी नाहीं. इतर कारणांनीं खाज सुटली असतांहि मेंढी क्वचित् तसें करते. शेवटचा निर्णय किड्याच्या दर्शनानेंच होतो.

आणि येथेंच आमची चूक झाली. लुतीचा डाग मधून बाहेर पसरत जातो. मधल्या भागांत कातडी वाळून खपली धरते, तेथें किड्यास खाण्यास कांहीं उरत नाहीं, व तो कडेकडे सरकतो. वणवा पेटलेल्या डोंगराकडे पाहा: मधोमध राख असते, आग कडेला असते. आम्हीं राख खरवडली आणि आग नाहीं असें सांगितलें!

खरी रीत अशी. डागाच्या ओलसर, ताज्या कडेवरील लोकर कातरावी. बोथट पात्यावर तेलाचा अथवा लिक्विड पॅराफिनचा थेंब घ्यावा, म्हणजे खरवडलेला भाग त्यास चिकटतो. कातडी चिमटींत धरून पातें उभें ठेवावें व हलक्या हातानें खरवडावें. सार्कोप्टीसचा संशय असेल तर रक्ताचे अगदीं बारीक ठिपके दिसूं लागेपर्यंत खरवडणें अवश्य आहे, कारण तो आंत बोगद्यांत असतो. सोरॉप्टीस व कोरिऑप्टीस यांना इतकें खोल जाण्याचें कारण नाहीं. एका जागेवर कधीं थांबूं नये. एका मेंढीच्या निदान तीन-चार जागा व कळपांतील अनेक मेंढ्या पाहाव्या. हें काम जनावरास दुखविणारें आहे, म्हणून तें पशुवैद्यानें किंवा त्याच्या देखरेखीखालींच करावें. विद्यार्थ्यांनीं स्वतः पातें हातीं घेऊं नये.

खरवडलेला भाग काचपट्टीवर तेलाच्या थेंबांत पसरून वर पातळ कांच ठेवावी. मोठ्या शक्तीचें भिंग नको. चाळीसपट ते शंभरपट वाढविणारें पुरे. प्रकाश थोडा मंद करावा, म्हणजे पारदर्शक किड्याची कड स्पष्ट उमटते. काचपट्टी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, शेतकरी नांगरतो तशी, तास न सोडतां पाहावी. खपल्या फार जाड असतील तर त्या कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावांत किंचित् गरम कराव्या. केस व खपल्या विरघळतात आणि किड्याचें कवच शाबूत राहून तळाशीं बसतें. हा द्राव कातडी भाजणारा आहे, म्हणून तें काम शिक्षकांनीं करावें. किडा, त्याचें अंडें किंवा त्याची विष्ठा, यांपैकीं एकहि वस्तु निःसंशय दिसली तरी निदान झालें.

आतां सर्वांत महत्त्वाचें सूत्र ऐका: किडा दिसला म्हणजे लूत आहे, परंतु किडा दिसला नाहीं म्हणजे लूत नाहीं, असें मुळींच नव्हे. सार्कोप्टीस तर इतका विरळ असतो कीं उघड रोग असतांहि काचपट्टी रिकामी निघते. अशा वेळीं पशुवैद्य पुन्हां पुन्हां खरवडून पाहतात, अथवा लक्षणांवरून उपचार सुरू करून गुण येतो कीं नाहीं तें पाहतात. मेंढ्यांच्या सोरॉप्टीससाठीं परदेशांत रक्ताची परीक्षाहि निघाली असून तिनें खाज सुटण्यापूर्वींच रोग कळूं शकतो. “मला दिसलें नाहीं” आणि “तें नाहीं” या दोन वाक्यांमध्यें मोठें अंतर आहे. तें विसरणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हे, मग त्याच्या हातीं यंत्र कितीहि चांगलें असो.

या विस्मरणाचें उदाहरण माणसांच्या खरजेच्या इतिहासांतहि आहे. १६८७ साली इटलींतील लिव्होर्नो येथील बोनोमो नामक वैद्य व चेस्टोनी नामक औषधविक्रेता यांनीं खरजेचा किडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्याचें चित्र काढलें, आणि फ्रान्चेस्को रेडी या प्रसिद्ध शास्त्रज्ञास लिहिलेल्या पत्राच्या रूपानें तें प्रसिद्ध केलें. गरीब बायका आपल्या मुलांच्या हातांतून टांचणीच्या अग्रानें बारीक किडे काढतात, हें पाहूनच त्यांना हा शोध सुचला होता. परंतु पुढें सुमारें दीडशें वर्षें पुष्कळ विद्वान् वैद्य किडा नाहींच असें म्हणत राहिले. कारण ते त्याला पाण्यानें भरलेल्या फोडांत शोधीत, आणि तो असे फोडापासून दूर, बोगद्याच्या टोंकाशीं. शेवटीं १८३४ साली रेनुच्ची नांवाच्या कॉर्सिका बेटांतील एका विद्यार्थ्यानें पॅरिसच्या इस्पितळांत सर्वांसमक्ष सुईनें किडा काढून दाखविला. ही युक्ति त्यानें आपल्या गांवच्या बायकांना करतांना पाहिली होती. विद्यार्थी मित्रहो, एका विद्यार्थ्यानें आचार्यांचा वाद मिटविला, आणि तोहि खेड्यांतल्या ज्ञानाच्या बळावर! नदीपलीकडच्या वाड्यावरून परत येतांना आम्हांस हीच गोष्ट आठवली व थोडी लाज वाटली.

प्रत्येक खाज मात्र लूत नसते, हेंहि सांगितलें पाहिजे. मेंढीच्या उवा लोकर दुभंगल्यावर डोळ्यांना दिसतात. त्यांना सहा पाय असतात. गोचिडी तर लहान मूलहि ओळखील. गजकर्णाचे डाग वाटोळे असतात, त्यांना खाज बेताची असते, व त्यांचें कारण बुरशी होय. देवींच्या रोगांत ताप येऊन अंगावर फोड उठतात. तापानंतर किंवा उपासमारीनंतर लोकर गळते, पण मेंढी अंग घासत नाहीं. आहारांत जस्ताची उणीव असली तरीहि कातडी जाड होऊन खपल्या धरते, आणि तेथें किडेमारू औषधानें कांहींच लाभ होत नाहीं. म्हणून पारख आधीं व औषध मागाहून, हा क्रम कधीं उलटा करूं नये.

हा रोग कांहीं आपल्या दख्खनी मेंढ्यांपुरताच नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत दक्षिण अमेरिकेंतील लामाचें चित्र तुम्हीं पाहिलें असेल. पेरू व बोलिव्हिया येथील उंच पठारांवर ओझें वाहणारें व लोकर देणारें हें जनावर उंटाचें भाऊबंद होय. त्यालाहि हेच तिन्ही किडे ग्रासतात: विरळ केसांच्या पोटावर, कांखेंत, जांघेंत व तोंडावर सार्कोप्टीस, पायांच्या बोटांमध्यें व शेपटीखालीं कोरिऑप्टीस, कानांत सोरॉप्टीस. इंका राजवंशांतील आईच्या पोटीं जन्मलेल्या गार्सिलासो दे ला वेगा या ग्रंथकारानें १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे कीं, १५४४-४५ च्या सुमारास पेरूंत “काराचे” नांवाची लूत पसरली व तिनें तेथील सुमारें दोनतृतीयांश जनावरें नेलीं. ज्या देशांत वस्त्र, वाहन व मांस या जनावरांवर अवलंबून, तेथें ही केवढी आपत्ति! आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. अर्जेंटिनांतील सान गियेर्मो या राखीव रानांत २०१४ पासून विकुन्या नामक रानटी जनावरांत सार्कोप्टीसची लूत शिरली व त्यांचे कळपच्या कळप नाहींसे झाले. लगतच्या भागांत आणलेल्या पाळीव लामांबरोबर ती आली असावी, असें संशोधकांचें अनुमान आहे. न तपासतां आणलेलें एक जनावर काय करूं शकतें, याची ही साक्ष आहे. ब्रिटनमध्यें १९५२ साली मेंढ्यांची लूत समूळ नष्ट झाली होती. १९७३ साली ती पुन्हां शिरली व आजतागायत गेलेली नाहीं.

आपल्या शेजारींहि घोड्यांच्या संबंधानें या रोगाचा धाक एके काळीं होता. १९१४-१८ च्या महायुद्धांत लुतीनें सैन्याचे असंख्य घोडे निकामी केले, व त्यांना चुना-गंधकाच्या पाण्यानें न्हाऊं घालण्यासाठीं मोठे हौद बांधावे लागले. जनावरांच्या सांथींचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा हिंदुस्थानांत प्रथम निघाली ती आपल्या पुण्यांतच, १८८९ साली, संगमाजवळच्या सायन्स कॉलेजांत. पुढें १८९३ साली ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें गेली. आजहि खडकीजवळच औंध येथें पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. पशुपालकांनीं १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते. पालकांपैकीं ज्यांच्या घरीं किंवा गांवीं जनावरें आहेत, त्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

औषधाविषयीं दोनच शब्द. पूर्वीं गंधक, तंबाखूचें पाणी इत्यादि उपाय चालत. आतां आयव्हरमेक्टिन नामक औषध आहे. जपानमधील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून तें निघालें, व त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांस २०१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. टोंचून दिलेलें हें औषध सार्कोप्टीस व सोरॉप्टीस यांवर उत्तम चालतें. पण कोंड्यावर जगणाऱ्या कोरिऑप्टीसपर्यंत तें नीट पोंचत नाहीं, म्हणून तेथें वरून लावण्याच्या औषधाची जरुरी लागते. जात ओळखण्याचें महत्त्व आतां तुमच्या ध्यानांत आलें असेल. हें औषध अंडीं मारीत नाहीं. म्हणून अंड्यांतून निघालेलीं पिलें वयांत येण्यापूर्वींच, पशुवैद्य सांगतील त्या दिवशीं, पुन्हां टोंचावें लागतें. मात्रा वजन पाहून ठरते. कमी मात्रेनें किडे मरत नाहींत, उलट औषधास निर्ढावतात. औषधाचा अंश दुधांत व मांसांत उतरतो, हेंहि विसरूं नये. मोटारीचें जळकें तेल फांसण्याची जी चाल कोठें कोठें आहे ती सर्वस्वीं टाकावी. तेणेंकरून कातडी पोळते, लोकर बिघडते व विष अंगांत भिनतें.

शिवाय एकट्या रोगी मेंढीला औषध देऊन भागत नाहीं. जी आज निरोगी दिसते तिच्या अंगावरहि किडे असूं शकतात, कारण खाज दिसूं लागण्यास कित्येक आठवडे जातात. म्हणून साऱ्या कळपाला एकाच वेळीं औषध द्यावें. नवें जनावर तीन-चार आठवडे वेगळें ठेवावें. कातरीचीं हत्यारें स्वच्छ करावीं. आणि सोरॉप्टीस लोकरीच्या पुंजक्यांत व कुंपणावर सुमारें दोन आठवडे जिवंत राहूं शकत असल्यामुळें, बसण्याची जागा तितके दिवस, किंबहुना थोडे अधिक, मोकळी सोडावी.

हाच न्याय आपल्या घरासहि लागू आहे. माणसाची खरूज सार्कोप्टीसच्याच एका वेगळ्या प्रकारानें होते. बोटांच्या बेचक्यांत रात्रीं खाज सुटली तर मुलास रागें न भरतां डॉक्टरांकडे न्यावें, आणि घरांतील सर्वांनीं एकदम औषध लावावें. खरूज ही घाणेरडेपणाची निशाणी नव्हे. ती निकट सहवासानें लागते, आणि ती लपविल्यानेंच वाढते. जनावरांचा सार्कोप्टीस माणसास चढला तर कांहीं दिवस खाज येते, पण तो आपल्या अंगावर टिकाव धरीत नाहीं. तरीहि जनावर हाताळल्यावर साबणानें हात धुणें हें शहाणपणाचें.

आतां त्या वाड्याची गोष्ट पुरी करतों. सरकारी दवाखान्यांतील पशुवैद्यांस घेऊन आम्ही पुन्हां गेलों. त्यांनीं डागाच्या कडेवरून खरवडलें. त्या विद्यार्थ्यानें काळ्या कागदावर तो भाग पसरला व भिंगांतून पाहतां पाहतां तो ओरडला, “गुरुजी, चालतात!” सूक्ष्मदर्शकाखालीं लांब, सांध्यांच्या दांड्या व कर्ण्यासारख्या वाट्या स्पष्ट दिसल्या. सोरॉप्टीसच होता. साऱ्या कळपास दोनदां औषध टोंचलें, जागा बदलली, आणि कांहीं आठवड्यांनीं खाज थांबली. परंतु त्या तेरा मेंढ्यांची त्या हंगामाची लोकर गेली, आणि दोन कोंकरें आईला दूध न राहिल्यानें वांचलीं नाहींत.

आम्हीं धनगरबाबांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “मास्तर, तुमी पुन्हा आलासा, ह्येच लई झालं. पण पुढच्या टायमाला मेंढीलाच इचारा, ती सांगती.”

विद्यार्थी मित्रहो, यंत्रावर विश्वास ठेवा, पुस्तकावर ठेवा. पण पाहण्यापूर्वीं कोठें पाहावें हें, ज्याचें आयुष्य त्या जनावरांत गेलें त्यास विचारण्यास लाजूं नका. आणि दिसलें नाहीं तर “नाहीं” न म्हणतां “अजून दिसलें नाहीं” एवढेंच म्हणण्याची संवय लावून घ्या. या धड्याची किंमत आम्हीं दिली नाहीं. ती दुसऱ्यानें दिली. म्हणूनच तो वाया जातां कामा नये.